वाळुंज लावायचाय? मग फाटा सगळ्यात आधी तोडू नका

वाळुंज लावताना बहुतेकांचा क्रमच उलटा होतो. जूनचे पहिले दोन पाऊस झाले की मंडळी कोयता घेऊन ओढ्यावर जातात. पाण्याकडे झुकलेलं लांबट पानांचं झाड दिसलं की त्याचे दहा-बारा फाटे उतरवतात आणि त्याच दिवशी काठावर खोचून मोकळे होतात. पुढे तीनपैकी एक गोष्ट घडते. झाड वाळुंजाचं नव्हतंच, हे दोन वर्षांनी कळतं. किंवा फाट्यांना आठवड्याभरात पालवी फुटते, व्हॉट्सअॅपवर फोटो फिरतात आणि महिन्याभरात ती पालवी करपते. तिसरा प्रकार सहसा कुणाच्या लक्षातच येत नाही. सगळे फाटे जगतात, झाडं उंच होतात, पण सगळी एकाच झाडाची असल्यामुळे सगळी नर निघतात. मग त्या काठावर बी कधीच धरत नाही.

वाळुंज विभक्तलिंगी आहे. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं, आणि दोन्हींतला फरक फक्त फुलोऱ्यावरून कळतो. फुलोरा हिवाळ्यात येतो, त्यामुळे कामाची सुरुवातही हिवाळ्यात करावी लागते. या लेखात फाटा तोडणं पाचव्या टप्प्यावर येईल. आधीचे चार टप्पे वगळून थेट तिथे जाऊ नका.

हा लेख सह्याद्रीतल्या जंगली वाळुंजाबद्दल आहे. त्याचं शास्त्रीय नाव सॅलिक्स टेट्रास्पर्मा. पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक या भागांतल्या बारमाही ओढ्यांच्या आणि नद्यांच्या काठी तो आपणहून वाढतो. रोपवाटिकेत ‘विलो’ म्हणून मिळणारं, फांद्या लोंबणारं झाड हे नव्हे. क्रिकेटच्या बॅटचं लाकूड देणारा विलोही वेगळ्या जातीचा. दोन्ही याच कुळातले असले तरी ओढ्याकाठच्या लागवडीत त्यांना आणायचं कारण नाही.

## आधी वर्षाचा हिशेब

पावसाळा सरताना वाळुंजाची पानं गळतात. मग नवी पालवी येते आणि तिच्या पाठोपाठ तुरे. ठिकाण, उंची आणि ओलावा यांनुसार तारखा पुढेमागे होतात. एकाच ओढ्यावरची दोन झाडंही एकत्र फुलतील असं नाही. कामाची आखणी साधारण अशी करा:

- नोव्हेंबर ते फेब्रुवारी: झाडाची ओळख, नर-मादी तपासणी, टॅग लावणे
- फेब्रुवारी-मार्च: बोंडांवर लक्ष, लागवडीच्या जागेची परीक्षा, काड्या पिशव्यांत लावणे
- जून: पिशवीतली रोपं काठाच्या वरच्या भागात
- सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर: पूर ओसरल्यावर काठाच्या खालच्या भागात जाड खुंट

एका हिवाळ्यापासून पुढच्या ऑक्टोबरपर्यंत जवळजवळ वर्ष लागतं. इतका धीर नसेल तर करंज किंवा उंबर लावा, तीही काठाचीच झाडं आहेत.

## टप्पा १: झाड वाळुंजच आहे ना?

फक्त पानाच्या फोटोवरून ठरवू नका. मोबाईलमधल्या ओळख सांगणाऱ्या अॅपवरून तर मुळीच नको. लांबट, टोकदार पान काठावरच्या निम्म्या झुडपांना असतं. खालच्या खुणा दिलेल्या क्रमाने पाहा आणि एखादी जुळली नाही तर तिथेच थांबा.

साल. मोठ्या झाडाची साल करडी-काळपट, खरखरीत असते आणि तिच्यावर उभ्या, खोल भेगा असतात. कोवळ्या झाडाची साल गुळगुळीत दिसू शकते, त्यामुळे शक्यतो जुनं झाड निवडा.

पानांची मांडणी. पानं फांदीवर एकाआड एक येतात. समोरासमोर जोडीने पानं असतील तर ते झाड वाळुंज नाही. ही खूण पाच सेकंदांत पाहून होते आणि निम्मे घोटाळे इथेच मिटतात.

पान. साधारण ५ ते १५ सेंटिमीटर लांब, २ ते ४ सेंटिमीटर रुंद, टोकाकडे निमुळतं होत जाणारं. कडेला बारीक दाते असतात, पण काही पानांत ते जेमतेम जाणवतात, म्हणून कडेवरून बोट फिरवून पाहा. पान उलटवलं की खालची बाजू फिकी, पांढुरकी दिसते. देठ बारीक असतो. कोवळ्या पानांवर आणि कोंबांवर रेशमी लव असते.

कळी. वाळुंजाच्या डोळ्यावर एकच खवला टोपीसारखा बसलेला असतो. कौलांसारखे एकावर एक अनेक खवले दिसले तर शंका घ्या. इथे भिंग लागेल. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग खिशात असलं की पुढचेही टप्पे सोपे जातात.

वास. पान चुरगाळून हुंगा. वाळुंजाच्या पानाला तेलकट, औषधी वास येत नाही.

नमुन्याची पानं मधल्या, उन्हातल्या फांदीवरून घ्या. खोडाच्या बुंध्यातून फुटलेल्या जोमदार धुमाऱ्यांची पानं फार मोठी आणि वेगळी दिसतात. त्यांवरून ओळख लावायला गेलात तर चांगला जाणकारही गोंधळेल.

### हमखास फसवणारी झाडं

शेरणी. सर्वांत जास्त घोटाळा हिच्यामुळे होतो. नदीच्या पात्रात, खडकांच्या फटींत हिची दाट झुडपं असतात. पान वाळुंजासारखंच अरुंद आणि एकाआड एक. पण ही एरंडाच्या कुळातली. पानाच्या खालच्या बाजूला भिंगातून बारीक खवले दिसतात, आणि फळ तीन खणांचं असतं. बियांना कापूस नसतो. शेरणी झुडूपच राहते, भेगाळलेल्या सालीचा बुंधा तिला होत नाही. हिच्यातही नर-मादी वेगळी असतात, त्यामुळे ‘दोन प्रकारचे तुरे दिसले म्हणजे वाळुंजच’ हा तर्क चालत नाही.

अरुंद पानांचं ओढ्याकाठचं जांभूळ. पानं समोरासमोर, आणि चुरगाळल्यावर जांभळाच्या पाल्याचा वास. मांडणी पाहिली असती तर हा घोटाळा झालाच नसता.

लोंबता बॉटलब्रश. बागांमध्ये आणि रस्त्याकडेला लावलेलं हे झाड लोक सर्रास ‘विलो’ म्हणून दाखवतात. पान चुरगाळलं की निलगिरीच्या जातीचा वास येतो.

बागेतला विलो. हा खरोखरच सॅलिक्स आहे, बॅबिलोनिका जातीचा. फांद्या दोरीसारख्या खाली लोंबतात आणि पान वाळुंजापेक्षा बरंच अरुंद असतं. पक्का फरक फुलात सापडतो, तो पुढच्या टप्प्यात.

तपासा: साल, एकाआड एक पानं, फिकी खालची बाजू, एका खवल्याची कळी, वासाचा अभाव. पाचही जुळल्या तरच झाडाला तात्पुरता क्रमांक द्या. ओळख पक्की झाली असं अजून म्हणू नका.

## टप्पा २: नर की मादी?

वाळुंजाच्या फुलाला ना पाकळी, ना निदलं (पाकळ्यांखालची हिरवी पानं). शेकडो बारकी फुलं एका लवचीक दांड्यावर दाटीने बसतात. या फुलोऱ्याला वनस्पतिशास्त्रात नतकणिश म्हणतात, आपण तुरा म्हणू. तुरे लहान, पानांच्या आखूड फांद्यांच्या टोकाला येतात. त्यामुळे लांबून पाहिलं तर ते पालवीत लपतात आणि ‘झाड फुललंच नाही’ असा समज होतो. फांदी हाताशी ओढून पाहा.

एक तुरा तोडून कागदावर ठेवा आणि त्यातलं एकच फूल सुईने अलग करा. प्रत्येक फुलाखाली एक छोटा लवदार छद (पानासारखा खवला) असतो. त्या छदाच्या बेचक्यात काय आहे, एवढंच पाहायचं.

नर: पिवळे पुंकेसर. पाच किंवा त्याहून अधिक असले पाहिजेत. बागेतल्या विलोच्या नर फुलात फक्त दोन असतात, त्यामुळे जातीचा उरलेला संशयही इथेच फिटतो. एका फुलावर थांबू नका. तुऱ्याच्या मधल्या भागातली पाच-सहा फुलं मोजा, कारण टोकाची फुलं अर्धवट वाढलेली असतात. ताज्या नर तुऱ्याला गोडसर वास येतो आणि त्यावर मधमाश्या घोंगावतात. विलोच्या जातींचे पराग वाऱ्याने जातात तसे कीटकांनीही जातात. फुलाच्या तळाशी मधाच्या ग्रंथी असतात.

मादी: हिरवट, सुरईच्या आकाराचं एक किंजपुट (बी धरणारा भाग), त्याला स्वतःचा छोटा देठ आणि वर आखूड किंजल्क (पराग टिपणारं टोक). पिवळेपणा कुठेच नाही. परागण झाल्यावर हाच तुरा लांबतो, किंजपुटांची बोंडं होतात, ती दोन फाकांनी उलगडतात आणि आतून पांढरा कापूस बाहेर पडतो.

नेहमीच्या चुका अशा. पराग सांडून सुकलेला नर तुरा तपकिरी पडतो. पुष्कळ जण त्याला ‘फळ धरलं’ समजतात आणि नराची मादी म्हणून नोंद करतात. नर तुरा सुकल्यावर अख्खा गळून पडतो, मादीचा झाडावर राहून फुगतो. शंका असेल तर तीन आठवड्यांनी परत या. दुसरी चूक झाडाखालच्या पुराव्यावर विसंबण्याची. जमिनीवर कापूस दिसला म्हणजे वरचं झाड मादी, असं नाही. तो कापूस शंभर फुटांवरूनही उडून आलेला असू शकतो. झाडावर उलगडलेली बोंडं दिसली तरच मादी लिहा.

सॅलिक्सच्या झाडांत क्वचित एकाच तुऱ्यात दोन्ही प्रकारची फुलं सापडतात. असं झाड दिसलं तर नोंद ठेवा, पण लागवडीसाठी घेऊ नका.

थांबा: तुरा नसलेल्या झाडावर नर किंवा मादी असं लिहू नका. ‘अज्ञात’ लिहा. खोड जाड आहे म्हणून मादी, उंच आहे म्हणून नर, अशा खुणा काठावर कुणीतरी सांगतंच. त्यांना काही आधार नाही.

## टप्पा ३: मातृवृक्ष निवडणे आणि टॅग लावणे

मादी आणि नर दोन्ही सापडले म्हणजे झालं, असं वाटतं. पण इथे एक खाच आहे. वाळुंजाची पुरात मोडलेली फांदी वाहत जाऊन गाळात अडकते आणि तिथे मुळं धरते. म्हणजे एकाच ओढ्यावर पाठोपाठ उभी असलेली पाच झाडं प्रत्यक्षात एकाच झाडाचे पाच तुकडे असू शकतात. पाचही एकाच लिंगाची, फुलण्याची वेळ अगदी एक, पानाची ठेवणही एक, असं दिसलं तर ती शक्यता धरूनच चाला. त्या पाचांकडून काड्या घेतल्या तरी तुम्ही एकच झाड लावत असता. एखादी कीड किंवा रोग त्या झाडाला झेपत नसेल, तर तुमच्या सगळ्या लागवडीलाही झेपणार नाही.

म्हणून मातृवृक्ष, म्हणजे ज्यांच्यावरून काड्या घ्यायच्या ती झाडं, एकाच ओढ्याच्या खालच्या अंगाला सलग शोधत बसू नका. त्याच खोऱ्यातले, पण वेगवेगळ्या उपओढ्यांवरचे निवडा. निदान तीन नर आणि तीन मादी असू द्या. दूरच्या खोऱ्यातून आणण्याचा मोह टाळा, कारण जवळच्या झाडांना तिथल्या पावसाची आणि पुराची सवय असते.

प्रत्येक झाडासाठी नोंदवहीत पुढील गोष्टी हव्यात: क्रमांक, तारीख, जीपीएस स्थान, ओढ्याचं आणि गावाचं नाव, लिंग, पुंकेसर मोजले असतील तर आकडा, आणि जमीन कुणाची. फोटो सहा घ्या: अख्खं झाड, साल, पानाची वरची बाजू, खालची बाजू, तुरा, आणि एकच सुटं फूल. पानाशेजारी पट्टी ठेवायला विसरू नका. नंतर कुणा अभ्यासकाला विचारायची वेळ आली तर ‘पान मोठं होतं’ यावरून तो काहीच सांगू शकणार नाही.

टॅग खिळ्याने ठोकू नका. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर क्रमांक कोरून तो सैल दोरीने फांदीला बांधा. खोडाभोवती घट्ट तार गुंडाळली तर दोन वर्षांत ती सालीत रुतते.

परवानगी: नदीकाठची जमीन बहुधा सरकारी, वनखात्याची किंवा कुणाच्या तरी सातबाऱ्यावरची असते. खासगी जमीन असेल तर मालकाला विचारा. राखीव वनात किंवा अभयारण्यात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय काडीही तोडू नका. ‘झाडं लावण्यासाठीच तर तोडतोय’ हे उत्तर तिथे चालत नाही.

## टप्पा ४: जागेची परीक्षा

ही परीक्षा मार्चमध्ये करायची. ऑगस्टमध्ये प्रत्येक जागा वाळुंजाला योग्यच वाटते.

लागवडीच्या जागी पहारीने दोन फूट खोल खड्डा घ्या. तळाची माती मुठीत दाबली तर ओलसर गोळा व्हायला हवा. ती भुरभुर सुटत असेल तर तिथे वाळुंज एप्रिल-मे काढणार नाही. त्या जागेसाठी दुसरं झाड निवडा.

ऊन भरपूर हवं. दाट उंबराखाली किंवा बांबूच्या बेटाजवळ लावलेला वाळुंज उजेडाकडे वाकून पडतो. गाळ, वाळू, गोटे यांचा मिश्र काठ चांगला. भेगाळणारी काळी माती आणि मुरमाड उंचवटा टाळा. कातळी सडा हे वाळुंजाचं घर नव्हे.

विहीर, पाण्याची पाइपलाइन, शोषखड्डा, बंधाऱ्याची भिंत यांपासून दूर राहा. या कुळातल्या झाडांची मुळं पाण्याच्या शोधात जोडांच्या फटींत शिरतात. घराच्या अंगणात, गटारीजवळ लावलेला वाळुंज काही वर्षांनी प्लंबरला बोलावतो.

एक गोष्ट आग्रहाने सांगायला हवी. काठावर आधीच करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर यांची रोपं उगवत असतील तर ती उपटून वाळुंजासाठी जागा करू नका. उघडा पडलेला, कोसळणारा काठ शोधा. वाळुंजाचा खरा उपयोग तिथे आहे.

## टप्पा ५: काड्या घेणे

आता फाटा. फेब्रुवारी अखेर किंवा मार्चमध्ये, तुऱ्यांचं काम संपल्यावर, सकाळी लवकर जा.

कोयत्याने फांदी झोडपू नका. धारदार सिकेटर (फांद्या छाटायची कात्री) वापरा. कोयत्याने साल चिरते आणि चिरलेल्या टोकातून काडी कुजते. फांदी गेल्या हंगामातली निवडा, पेन्सिल ते अंगठ्याएवढ्या जाडीची. कोवळा हिरवा शेंडा आणि जुनं भेगाळलेलं लाकूड दोन्ही नको. एका झाडावरून त्याच्या फांद्यांचा लहानसा भागच घ्या, आणि एकाच बाजूने तासू नका.

काडी २० ते २५ सेंटिमीटरची करा. तिच्यावर चार-पाच डोळे यायला हवेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. वरचा काप डोळ्याच्या बोटभर वर, आडवा. पानं काढून टाका, वरची एक-दोन असली तर अर्धी कापा.

तिरका आणि आडवा काप ही सजावट नाही. काडी उलटी लावली गेली की मूळ धरण्याचा भरवसा उरत नाही, आणि शंभर काड्या एकदा ढिगात पडल्या की वरचं टोक कोणतं हे कळत नाही. काप पाहून लगेच कळतं.

झाडानुसार वेगळ्या जुड्या बांधा आणि प्रत्येक जुडीला क्रमांकाची चिठ्ठी लावा. या टप्प्यावर नर-मादी मिसळले तर हिवाळ्यातली सगळी मेहनत वाया जाते. जुड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत न्या. गाडीच्या डिकीत तासन्‌तास बंद ठेवू नका. घरी आल्यावर खालची टोकं रात्रभर स्वच्छ पाण्यात उभी ठेवा.

मुळं फुटण्याची पावडर विकत आणायची गरज नाही. विलोच्या जातींच्या खोडात मुळांचे सुप्त अंकुर आधीच असतात, ओल मिळाली की ते जागे होतात.

थांबा: काड्या बाटलीतल्या पाण्यात महिनाभर ठेवून मुळं फोडण्याचा प्रकार फार चालतो. मुळं फुटतातही. पण पाण्यात वाढलेली मुळं ठिसूळ असतात, मातीत लावताना मोडतात आणि काडी मरते. रात्रभराच्या भिजवणीनंतर काडी थेट मातीत जायला हवी.

## टप्पा ६: पिशवीतली वाढ

नदीचा गाळ किंवा पोयटा, जाडसर वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत असं मिश्रण करा. शेणखत सर्वांत कमी. अर्धवट कुजलेलं खत असेल तर ते अजिबात नको, त्याने काप सडतो. पिशवी खोल घ्या आणि तळाला भोकं पाडा.

आधी काठीने भोक करा, मग काडी सोडा. काडी थेट माती चिरत घुसवली तर सालीचा खालचा भाग सोलला जातो. दोन तृतीयांश काडी आत, दोन डोळे वर. बाजूची माती बोटांनी घट्ट दाबा, आत पोकळी राहायला नको.

पिशव्या शेडनेटखाली ठेवा. खाली पसरट टाकी किंवा जाड प्लास्टिक अंथरून केलेला वाफा असेल तर त्यात दोन बोटं पाणी राहू द्या. वाळुंजाला तळाची ओल आवडते. पाणी हिरवं पडून वास मारू लागलं तर बदला.

इथेच सर्वांत मोठा भ्रम होतो. आठ-दहा दिवसांत डोळे फुटतात. ती पालवी काडीतल्या साठवलेल्या अन्नावर येते, मुळांवर नाही. तिच्या भरवशावर रोपं उन्हात काढली किंवा लावली की ती गेलीच.

तपासा: काडी ओढून पाहू नका. पिशवीच्या तळाच्या भोकातून पांढरी मुळं डोकावू लागली की रोप तयार झालं. याला साधारण दीड-दोन महिने लागतात. मुळं दिसल्यावर शेडनेट हळूहळू काढा, आधी सकाळचं ऊन, मग दिवसभराचं.

### बियांची रोपं हवी असतील तर

काड्यांपेक्षा बियांची रोपं संख्येने कमी आणि कटकटीने जास्त. पण प्रत्येक रोप वेगळं असतं आणि नर-मादी दोन्ही मिळतात. म्हणून थोडी तरी करावीत.

बी साठवून जूनमध्ये पेरू, असं ठरवू नका. वाळुंजाचं बी अतिशय बारीक असतं, त्यात अन्नसाठा जवळजवळ नसतो आणि त्याची उगवणशक्ती फार लवकर संपते. काही बोंडं उलगडायला लागली की त्याच तुऱ्यातली न उलगडलेली, पिवळट बोंडं काढा आणि कागदावर सावलीत पसरा. ती उलगडली की त्याच दिवशी पेरा.

पसरट ट्रेमध्ये बारीक वाळू आणि गाळ भरा, तळातून पाणी चढू द्या आणि बी कापसासकट वर पसरा. वर माती टाकू नका. झाकलेलं बी उगवत नाही. झारीनेही पाणी घालू नका, बी एका कोपऱ्यात जमा होतं. ताजं बी एक-दोन दिवसांत हिरवं दिसू लागतं. पुढचे काही आठवडे मात्र पृष्ठभाग एक दुपारही सुकता कामा नये.

## टप्पा ७: काठावर लावणे

काठाचे मनात दोन पट्टे करा. दरवर्षीच्या पुराचं पाणी जिथवर चढतं ती रेघ काटक्या-प्लास्टिक अडकलेलं पाहून कळते. तिच्या वरचा पट्टा आणि तिच्या खालचा पट्टा. दोन्हींची वेळ वेगळी आणि पद्धतही वेगळी.

वरचा पट्टा, जूनमध्ये. दोन-तीन दमदार पाऊस होऊन माती खोलवर भिजली की पिशवीतली रोपं लावा. पिशवी फाडताना मातीचा गोळा फुटू देऊ नका. नर-मादी आलटून-पालटून लावा, दोन झाडांत किमान १० फूट ठेवा. पिशवी जागेवर टाकून येऊ नका.

खालचा पट्टा, पूर ओसरल्यावर. जूनमध्ये इथे लावलेलं रोप जुलैच्या पहिल्या मोठ्या पाण्यात जातं. दरवर्षी लोक हेच करतात आणि दरवर्षी वाळुंजाला दोष देतात. सप्टेंबर अखेर किंवा ऑक्टोबरमध्ये, झाडाची पानं गळलेली असताना, मनगटाएवढ्या किंवा त्याहून थोड्या कमी जाडीचे, तीन ते चार फूट लांब खुंट घ्या. खुंटही टॅग लावलेल्या झाडांचेच. खालचं टोक तासून टोकदार करा, वरचं आडवं कापा.

पहारीने तिरपं भोक पाडा, खुंटाचं वरचं टोक पाण्याच्या प्रवाहाच्या दिशेला थोडं कलेल असं. खुंटाचा दोन तृतीयांश भाग आत, खालच्या ओलीपर्यंत जायला हवा. खुंटावर हातोडा थेट घालू नका, वरचं टोक फाटतं. मध्ये लाकडाचा ठोकळा धरा आणि टोक तरीही फाटलं तर तो भाग कापून टाका. भोकाच्या कडेने गाळ आणि पाणी एकत्र ओतून पोकळी भरा. अशा खुंटाला पुढच्या पुरापर्यंत आठ-नऊ महिने मिळतात.

थांबा: ओढ्याच्या मुख्य धारेत, पात्राच्या मधोमध काही लावू नका. तिथे अडकलेला गाळ पाणी समोरच्या काठावर वळवतो आणि शेजाऱ्याचं शेत कापलं जातं.

## टप्पा ८: पहिली दोन वर्षं

शेळ्या आणि गुरं वाळुंजाचा कोवळा पाला आवडीने खातात. बाभळीच्या किंवा बोरीच्या काट्यांचं कुंपण प्रत्येक झाडाभोवती करा. सामायिक कुंपण एकदा एका जागी तुटलं की सगळं संपतं.

पहिल्या उन्हाळ्यात वरच्या पट्ट्यातल्या रोपांना आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्या. रोज तांब्याभर पाणी दिलं तर मुळं वरच राहतात. बुंध्यापासून हातभर गवत काढा, पण काठावरचं सगळं गवत खुरपू नका, तेच माती धरून आहे.

पानं कुरतडलेली दिसली की फवारणीचा पंप काढू नका. कॉमन लेपर्ड नावाच्या फुलपाखराच्या अळ्या वाळुंजावर वाढतात आणि झाड त्यातून सहज सावरतं. शेंडा मरून खालून धुमारे आले तर सर्वांत जोमदार एक ठेवा, बाकीचे पावसाळ्याआधी काढा. काठ धरून ठेवायलाच लावलेल्या खुंटांवर मात्र धुमारे राहू द्या.

प्रत्येक झाडाचा नोंदवहीतला क्रमांक आणि मातृवृक्षाचा क्रमांक जुळवून ठेवा. पहिला तुरा येईल त्या हिवाळ्यात भिंग घेऊन परत एक फूल उघडून पाहा. नोंदीत मादी आणि झाडावर पिवळे पुंकेसर, असं दिसलं तर जुड्या बांधताना कुठेतरी चिठ्ठ्या बदलल्या आहेत. त्या जुडीतली बाकीची झाडंही तपासा, आणि कमी पडणाऱ्या लिंगाचे खुंट पुढच्या ऑक्टोबरमध्ये भरा.